बायोटेक: कोण कुठून बघतं आणि कुठे अडतं

‘बायोटेक म्हणजे काय?’ असं विचारलं की उत्तरावरूनच शाखा ओळखता येते. कृषीवाला केळीची टिश्यूकल्चर रोपं आणि बीटी कापूस सांगतो, फार्मसीवाला इन्सुलिन आणि लशी. कॉम्प्युटरवाल्याला डीएनएच्या ए, टी, जी, सी अक्षरांची लांबलचक फाइल दिसते. वाणिज्यवाले ‘मेडिकलला नंबर लागला नाही की करतात ते’ म्हणून मोकळे होतात. तसे आलेले बरेचजण पहिल्या सत्रात वैतागतात, कारण इथे पाठांतर कमी आणि आकडेमोड जास्त.

रसायनवाल्यांना द्रावणं नवी नसतात, तरी डायल्यूशनला, म्हणजे नमुना विरळ करताना, गफलत होते. मायक्रोबायोलॉजीत ‘एकास दहा’ म्हणजे 1 मिली नमुना आणि 9 मिली सलाइन (मिठाचं पाणी). मग त्या नळीतलं 1 मिली पुढच्या नळीत, असं करत जायचं. सवयीने 10 मिली घातलं की पहिल्या नळीत फरक किरकोळ वाटतो. सहाव्या नळीला मात्र 10 लाखपटीऐवजी जवळपास 17.7 लाखपट विरळ झालेलं असतं. प्लेटवर जिवाणूंच्या वसाहती (ठिपके) कमी येतात आणि दोष बिचाऱ्या त्यांना. दुसरी नेहमीची चूक मायक्रोपिपेटची (थेंबाहून कमी द्रव मोजून घ्यायचं साधन): द्रव ओढताना बटण पहिल्या टप्प्यापर्यंतच दाबायचं. दुसऱ्यापर्यंत दाबलं की जास्त ओढलं जातं.

इंजिनिअरिंगवाल्याला वाटतं, फ्लास्कमध्ये जिवाणू वाढवणं जमलं की हजारपट मोठी टाकी बांधली, झालं. पण 250 मिलीच्या फ्लास्कमध्ये माध्यम (जिवाणूंचं पातळ खाद्य) 50 मिलीच का भरतात, हे आधी बघावं. 25 अंशांना एक लिटर पाण्यात ऑक्सिजन विरघळतो जेमतेम 8 मिलिग्रॅम, आणि दाट वाढलेले ई. कोलाय जिवाणू तो मिनिटाच्या आत संपवतात. म्हणून फर्मेंटरमध्ये, म्हणजे त्या मोठ्या टाकीत, सतत हवा सोडायची, पंख्याने घुसळायचं. घुसळलं की फेस आणि उष्णता. खरं इंजिनिअरिंग तिथे सुरू होतं.

टिश्यूकल्चरचं बाटलीतलं रोप बाहेर काढलं की सुकतं, कारण पानांवर मेणाचा थर धड तयार झालेला नसतो. हे कृषीवाल्याला सांगावं लागत नाही. हार्डनिंग, म्हणजे रोपाला हळूहळू बाहेरच्या हवेची सवय लावणं, त्याच्या हातात असतं. त्याचा हात चुकतो लॅमिनारमध्ये (गाळलेल्या हवेच्या कपाटात), उघड्या बाटलीवरून फिरताना. दोन-तीन दिवसांत बुरशी.

प्रवेशाआधी एक गणित करून बघा: अर्धा मोलार (लिटरला अर्धा मोल) मिठाचं 250 मिली द्रावण. एक मोल मीठ 58.44 ग्रॅम, म्हणून 58.44 × 0.5 × 0.25, म्हणजे 7.3 ग्रॅम. मीठ आधी 200 मिली पाण्यात विरघळवायचं, मग पाणी घालत 250च्या खुणेपर्यंत न्यायचं.