बी. फार्म.ला प्रवेश कसा घ्यावा: अकरावीपासून कॅपच्या शेवटच्या फेरीपर्यंत

औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीची चौकशी बहुतेक घरांत बारावीचा निकाल लागल्यावर सुरू होते. ती अकरावीतच सुरू व्हावी, कारण महाराष्ट्रात या अभ्यासक्रमाची जागा अनेकदा गुणांपेक्षा एखाद्या अपुऱ्या दाखल्यामुळे किंवा पात्रतेचा नियम चुकीचा समजल्यामुळे हातची जाते, आणि ही दोन्ही कारणे वर्षभर आधी दूर करता येण्यासारखी असतात.

सर्वांत आधी विषय पाहावेत. बी. फार्म. हा चार वर्षांचा, आठ सत्रांचा अभ्यासक्रम असून त्याची किमान पात्रता भारतीय औषधनिर्माण परिषद, म्हणजेच पीसीआय, ठरवते. बारावीला इंग्रजीसह भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र अनिवार्य आहे आणि त्यांच्या जोडीला गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक विषय असावा लागतो. ‘फार्मसी म्हणजे बायोलॉजी हवीच’ असा समज अजूनही ऐकू येतो. तो खरा नाही. गणित घेतलेला विद्यार्थीही तितकाच पात्र असतो.

त्यानंतर येते टक्केवारी, आणि येथे जरा थांबून हिशेब करावा. महाराष्ट्रात खुल्या प्रवर्गासाठी किमान ४५ टक्के आणि राज्यातील मागासवर्गीय, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील व दिव्यांग उमेदवारांसाठी ४० टक्के गुणांची अट आहे. ही टक्केवारी गुणपत्रिकेच्या तळाशी छापलेली नसते. ती भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित किंवा जीवशास्त्र या तीन विषयांच्या एकत्रित गुणांवर काढतात. समजा एखाद्या विद्यार्थिनीला भाषांमध्ये भरघोस गुण मिळून एकूण ६० टक्के पडले, पण या तीन विषयांत अनुक्रमे ४०, ३८ आणि ५२ असे ३०० पैकी १३० गुण असतील, तर ती ४३.३३ टक्क्यांवर येते. राखीव प्रवर्गातून ती पात्र ठरते, परंतु खुल्या प्रवर्गातून तिला १३५ गुण हवे होते. याउलट एका विषयात ४२ गुण असलेला विद्यार्थी इतर दोन विषयांच्या आधारावर सहज पात्र ठरू शकतो. म्हणून निकालाच्या दिवशी ही बेरीज सर्वांत आधी करावी.

प्रवेश परीक्षा एमएचटी-सीईटी ही आहे आणि ती राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्ष घेतो. पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) किंवा पीसीबी (गणिताऐवजी जीवशास्त्र) यांपैकी कोणत्याही गटाची परीक्षा फार्मसीसाठी चालते. दोन्ही गटांचे गुण २०० असले तरी घडण निराळी आहे. पीसीएममध्ये गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे असतात, तर पीसीबीमध्ये जीवशास्त्राचे १०० प्रश्न प्रत्येकी एका गुणाचे. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये. सुमारे २० टक्के भार अकरावीच्या अभ्यासक्रमाला असल्याने अकरावीची पुस्तके रद्दीत घालण्याची घाई महागात पडते. परीक्षा अनेक सत्रांत होते, म्हणून निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत, तर ९० टक्के परीक्षार्थी आपल्या बरोबरीने किंवा मागे आहेत, हे पालकांनीही समजून घ्यावे.

आता दाखल्यांकडे वळू. माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेत सर्वाधिक काळजी घ्यायची ती याच टप्प्यावर. दहावी व बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि वय, अधिवास व राष्ट्रीयत्वाचे प्रमाणपत्र हे सर्वांना लागतात. मध्ये वर्ष गेले असेल तर गॅपचे प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. मागासवर्गीय उमेदवाराला जातीच्या दाखल्याबरोबर जात वैधता प्रमाणपत्र लागते. तेथेच बहुतेकांची धावपळ होते, कारण पडताळणी समिती वडिलोपार्जित पुरावे मागते आणि जुन्या शाळेच्या नोंदी किंवा महसुली कागद मिळवण्यात महिने जातात. हा अर्ज अकरावीतच महाविद्यालयामार्फत करावा. नॉन-क्रीमिलेअर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याच्या, प्रमाणपत्राची मुदत संबंधित शैक्षणिक वर्षातील ३१ मार्चपर्यंत असावी लागते, म्हणजे २०२६-२७ च्या प्रवेशासाठी ३१ मार्च २०२७ पर्यंत. ज्यांनी ते दहावीनंतर काढून ठेवले असेल त्यांनी तारीख पुन्हा तपासावी. आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्रही राज्य शासनाच्या विहित नमुन्यातच घ्यावे. नाव, आडनाव आणि जन्मतारीख सर्व कागदांवर तंतोतंत जुळत आहे ना, हे एकदा शांतपणे बसून पाहावे.

सीमाभागातील मराठी कुटुंबांना एक तरतूद ठाऊक असायला हवी. महाराष्ट्र-कर्नाटक वादग्रस्त सीमाभागातील शाळा-महाविद्यालयातून शिकलेला आणि मातृभाषा मराठी असलेला विद्यार्थी विहित प्रमाणपत्रे जोडून या प्रवेशप्रक्रियेत महाराष्ट्राचा उमेदवार म्हणून गणला जातो. बेळगाव-निपाणीकडच्या पालकांनी ही संधी माहितीअभावी घालवू नये.

यानंतर केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेची, म्हणजे कॅपची, स्वतंत्र नोंदणी करावी लागते. सीईटी दिली म्हणजे कॅपचा अर्ज आपोआप झाला असे नाही. कागदपत्रांची छाननी ऑनलाइन किंवा सुविधा केंद्रावर होते, मग तात्पुरती गुणवत्ता यादी लागते; तिच्यातील प्रवर्ग, गुण किंवा नावातील चूक हरकतीच्या मुदतीतच दुरुस्त करून घ्यावी.

ऑप्शन फॉर्म, म्हणजे महाविद्यालयांच्या पसंतिक्रमाचा अर्ज, भरण्याआधी प्रत्येक महाविद्यालयाला बी. फार्म.साठी पीसीआयची मान्यता आहे का, हे परिषदेच्या संकेतस्थळावर पाहावे. एकाच आवारात पदविका आणि पदवी दोन्ही चालत असतील, तर पदविकेची मान्यता पदवीला लागू होत नाही. फार्मसी अधिनियम, १९४८ च्या कलम १२ नुसार मान्यता नसलेल्या अभ्यासक्रमाच्या पदवीवर राज्य परिषदेत फार्मासिस्ट म्हणून नोंदणी होत नाही, आणि नोंदणीवाचून औषध दुकानातून औषधे देण्याचा अधिकारही मिळत नाही. पसंतिक्रम मनापासून लावावा. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था, कराड, अमरावती व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय महाविद्यालये यांच्यासाठी चुरस असते, पण कटऑफला घाबरून त्यांना खाली ढकलण्याचे कारण नाही. वरचा पर्याय न मिळाल्यास खालचा विचारात घेतला जातोच. मात्र पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की ती जागा अंतिम मानली जाते, म्हणून जेथे जायचेच नाही ते महाविद्यालय पहिले लिहू नये.

मुलींच्या पालकांसाठी आणखी एक बाब महत्त्वाची आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागासवर्ग आणि आर्थिक दुर्बल घटकांतील, कौटुंबिक वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ही सवलत कॅपमधून घेतलेल्या प्रवेशाला मिळते, व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशाला नाही. एखाद्या संस्थेने या कोट्यातून लवकर जागा देऊ केली, तर आधी हा हिशेब मांडावा.

डी. फार्म. झालेल्यांना सीईटी द्यावी लागत नाही. पदविकेच्या गुणांवर त्यांना थेट दुसऱ्या वर्षाला, म्हणजे तिसऱ्या सत्राला, प्रवेश मिळतो. त्यांची पदविकाही पीसीआयमान्य संस्थेचीच असावी लागते.

प्रथम वर्षाला प्रवेश घेणाऱ्यांनी वर्ग सुरू होईपर्यंतचा काळ राहून गेलेल्या विषयाला द्यावा. जीवशास्त्र न घेतलेल्यांना पहिल्या सत्रात पूरक जीवशास्त्र आणि गणित न घेतलेल्यांना पूरक गणित शिकावे लागते. त्याच सत्रात मानवी शरीररचना व शरीरक्रियाशास्त्रही सुरू होते, त्यामुळे गणिताच्या गटातून आलेल्याने अकरावी-बारावीची जीवशास्त्राची पुस्तके कुणाकडून तरी मागून आणून पेशी, ऊती आणि रक्ताभिसरणाची प्रकरणे आधीच वाचून ठेवावीत.