हवेतला कार्बन आणि सोयाबीनच्या मुळावरच्या गाठी : पेरणीपूर्व सल्ला

1958 मध्ये हवाईतील मौना लोआ येथे मोजणी सुरू झाली तेव्हा हवेत कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत सुमारे 315 भाग होता. आता तो 420 च्या वर आहे. झाडाचे अन्न यापासूनच तयार होते, म्हणून उत्पादन आपोआप वाढेल असा समज पसरला आहे. तो अर्धाच खरा आहे.

ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस पानातच कार्बन डायऑक्साइड एकवटून घेतात. त्यामुळे हवेत तो वाढला तरी एरवी त्यांना फारसा फरक पडत नाही; पाण्याचा ताण असेल तेव्हाच थोडा आधार मिळतो. सोयाबीन, तूर, कपाशी, गहू यांना मात्र थेट फायदा होतो. अमेरिकेतील इलिनॉय येथे उघड्या शेतात हे प्रमाण 550 च्या आसपास ठेवले, तेव्हा सोयाबीनचे उत्पादन सुमारे 15 टक्के वाढले. गव्हाचे दाणे मात्र अशाच प्रयोगांत निकस निघाले: जस्त सुमारे 9, प्रथिने 6 आणि लोह 5 टक्क्यांनी घटले.

सोयाबीनची प्रथिने फारशी घटत नाहीत, कारण पानात तयार झालेली जादा साखर मुळावरच्या गाठींना मिळते आणि गाठी हवेतले नत्र बांधून देतात. गाठी न येणाऱ्या वाणात ही साखर पानातच साचते आणि पान अन्न बनवण्याचा वेग कमी करते. म्हणूनच या खरिपात गाठींवर खर्च करा, जादा युरियावर नको.

बीजप्रक्रियेचा क्रम चुकवू नका. आधी बुरशीनाशक (कार्बोक्सिन अधिक थायरम, किलोला 3 ग्रॅम), बियाणे सुकल्यावर शेवटी जिवाणू: 10 किलो बियाण्याला सोयाबीनचेच रायझोबियम (मुळावर गाठी आणणारे जिवाणू) 250 ग्रॅम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू 250 ग्रॅम. तुरीचे किंवा हरभऱ्याचे पाकीट इथे चालत नाही. पाकिटावरची अंतिम तारीख पाहा. सोयाबीनचे साल पातळ असते, हाताने चोळले की सुटते आणि उगवण घसरते. म्हणून गोणपाटावर बियाणे पसरून गुळाच्या थंड पाण्यात कालवलेले जिवाणू संवर्धन शिंपडा आणि हलकेच वरखाली करा. पाणी बेताचेच घ्या, बी फुगता कामा नये. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. जिवाणू लावलेले बियाणे उन्हात ठेवले तर सगळी मेहनत वाया जाते.

खत एकरी 12:24:12 किलो नत्र, स्फुरद, पालाश. म्हणजे सिंगल सुपर फॉस्फेट 150 किलो, युरिया 26 किलो, म्युरेट ऑफ पोटॅश 20 किलो, सगळे पेरणीच्या वेळीच. सुपर फॉस्फेटमधून गंधकही मिळते. माती परीक्षणात जस्त कमी असेल तर झिंक सल्फेट एकरी 10 किलो शेवटच्या वखरपाळीआधी शेणखतात मिसळून टाका. स्फुरदाच्या खतात ते मिसळू नका. दोन्हींचे न विरघळणारे संयुग बनते. महिन्याने पीक पिवळे दिसले म्हणून युरिया फेकू नका. आयते नत्र मिळाले की झाड गाठींना पोसत नाही.

35 ते 40 दिवसांनी शेतात चार-पाच ठिकाणी झाडे खुरप्याने खणून काढा. उपटाल तर गाठी मातीतच राहतात. मुळे धुऊन गाठ नखाने चिरा: आतून गुलाबी किंवा लाल असेल तर ती काम करते आहे. पांढरी, हिरवी किंवा काळपट असेल तर नत्र बांधले जात नाही.

पाण्याबाबत फसगत होते. कार्बन डायऑक्साइड वाढला की पानांची रंध्रे थोडी मिटतात आणि पाणी वाचते, पण झाडाची पानेही वाढतात आणि मोठा पसारा ते वाचलेले पाणी पिऊन टाकतो. इलिनॉयच्याच आठ वर्षांच्या नोंदींत कोरड्या वर्षी फायदा जवळजवळ उरला नाही, कारण गाठी मातीच्या वरच्या, लवकर वाळणाऱ्या थरात राहिल्या. म्हणून 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. शक्यतो बीबीएफ (रुंद वरंबा-सरी) यंत्राने रुंद वरंब्यावर पेरा, नाहीतर दर 4 ओळींनंतर सरी काढा. बी 3 ते 4 सेंटिमीटरपेक्षा खोल नको. उघाड लांबली तर डवरणी करून भेगा बुजवा.

तणांतही ज्वारी आणि सोयाबीनसारखाच भेद आहे. हरळी, लव्हाळा यांना वाढत्या कार्बनचा फारसा लाभ नाही. केना मात्र सोयाबीनच्याच गटातला असल्याने पिकाबरोबर तोही फोफावतो. त्याचे पेर ओल्या मातीत पुन्हा मुळे धरते, त्यामुळे खुरपलेला केना ओळीत टाकू नका, बांधाबाहेर न्या.

मोकळ्या रानात कार्बन डायऑक्साइड वाढवणारे म्हणून कुणी काही विकायला आणले, तर पैसे घालू नका. वाऱ्याच्या एका झुळकीत तो निघून जातो.