नवा झोन पायी कसा बघावा

ऑनलाइन खेळात नवा झोन आला की पहिल्या रात्री त्यात उतरू नका. हा नियम मी स्वतः दर वेळी मोडते, म्हणून ठणकावून सांगू शकते. गिल्ड वॉर्स २ या मी खेळते त्या खेळाचे मोठे अपडेट मंगळवारी येतात, आपल्याकडे तोवर रात्र झालेली असते. सगळी जनता एकाच दिशेला पळत सुटते. त्या लोंढ्यात झोन दिसत नाही, पुढच्यांच्या पाठी दिसतात. त्यात पुण्यात धनकवडीहून युरोपच्या सर्व्हरला माझं पिंग, म्हणजे हुकूम जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, १६० मिलिसेकंदांच्या आसपास, आणि गर्दी असली की खेळातली माझी बाई जागच्या जागी धावत राहते. बुधवार सोडून द्या. गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाईट जाते, ती कधी येईल याचा नेम नाही. शुक्रवारी रात्री जेवून, भांडी आवरून बसा.

आधी एक शब्दाचा घोळ मिटवते. माझा भाचा बीजीएमआय हा मोबाइलवरचा गोळीबाराचा खेळ खेळतो. त्याच्या तोंडी झोन म्हणजे आक्रसत येणारं ते निळं वर्तुळ. "मावशी, झोन आला, पळ!" मी म्हणते तो झोन म्हणजे जमीन. नकाशाचा एक सलग तुकडा, ज्याला स्वतःचं नाव, स्वतःचं ऊन, स्वतःचा चढउतार आहे.

जमिनीवर माझा जीव आहे, कारण पोट तिच्यावरच आहे. मी मोजणीचं काम करते. मुळशी, वेल्हे, कधी भोर. टोटल स्टेशन, म्हणजे मोजणीचं यंत्र, तिकाटण्यावर लावायचं, प्रिझम धरलेला पोरगा बांधाबांधाने पुढे जातो, मी आकडे घेत राहते आणि संध्याकाळी ऑफिसात बसून कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, काढते. त्यामुळे खेळात गेलं तरी डोळा तोच राहतो. बाकीचे बॉस कसा आहे, लूट काय पडते, स्टोरी कुठे गंडली यावर मत देतात. मला आधी ओढा कुठून निघतो आणि कुठे जातो ते बघायचं असतं. डोंगराच्या सोंडेवरून वर वाहणारी नदी एका खेळात मी खरंच पाहिली आहे. त्या झोनमध्ये पुढे काहीच धड नव्हतं.

तर पहिला तास पायी. माउंटवर, म्हणजे खेळातल्या वाहनावर, बसू नका, ग्लायडर उघडू नका. स्क्रीनवरची सगळी बटणं घालवा: गिल्ड वॉर्स २ मध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एच एकदम दाबा, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या दुसऱ्या खेळात आल्ट आणि झेड. कोपऱ्यातला छोटा नकाशा गेला की पहिली दहा मिनिटं माणूस भांबावतो. भांबावू द्या. मग जवळात जवळचं उंच ठिकाण गाठा आणि तिथून तीन खुणा ठरवा. मनोरा, मोठं झाड, तुटका पूल, काहीही चालेल, पण तिन्ही वेगवेगळ्या दिशांना हव्यात. आता खाली उतरा, कुठल्याही घळीत शिरा, आणि पाच मिनिटांनी थांबून स्वतःला विचारा, मी कुठे आहे? दोन खुणा दिसल्या तर जागा अंदाजाने सांगता येते, तिन्ही दिसल्या तर पक्की. एकही दिसली नाही आणि तरीही पायाखालच्या उतारावरून, पाण्याच्या आवाजावरून, वाटेच्या रुंदीवरून दिशा कळली, तर तो झोन कुणीतरी मन लावून बांधलाय. हीच माझी मुख्य परीक्षा.

तास झाला की खेळ बंद न करता एक कोरा कागद घ्या आणि आठवेल तसा नकाशा काढा. चित्रकला लागत नाही. मुख्य वाट, पाणी, उंच जागा, वस्ती, एवढंच. माणसाच्या डोक्यात चुकीचं मोठं झालेलं काय आणि पुसलं गेलेलं काय, ते या कागदावर कळतं. गिल्ड वॉर्स २ मधल्या क्वीन्सडेल या सुरुवातीच्या झोनचा माझा कागद आजही बरोबर येतो: वर शहराच्या भिंती, खाली शेमूर गाव, शेतं, सफरचंदाची बाग, आणि दलदल, जिच्यात तो काळा राक्षस उगवतो. नवशिक्याला कुणी काही न सांगता वाट सापडते. २०१२ चा झोन आहे, आणि अजून नवीन लोकांना तिथूनच चालायला शिकवतात.

टँगल्ड डेप्थ्सचा कागद मात्र मी चार वेळा फाडला. ऑक्टोबर २०१५ मध्ये हार्ट ऑफ थॉर्न्स हा त्याच खेळाचा विस्तार आला, त्यातला हा जंगलाखालचा झोन. मजल्यावर मजले, मुळांच्या कमानी, बोगदे. नकाशावर ठिकाण पायाखाली दाखवतंय, आणि तिथे उतरायची वाट अर्धा झोन पलीकडे. लोकांनी तेव्हा शिव्या घातल्या, मीही घातल्या. मग ऑगस्ट २०२३ मध्ये चांदणी चौकाचे नवे रॅम्प सुरू झाले आणि पिरंगुटहून येताना मी कोथरूडला जायच्या ऐवजी दोनदा बावधनला पोचले. तिसऱ्यांदा बरोबर गेले. आज मला तो चौक डोळे मिटून जमतो, आणि गंमत म्हणजे टँगल्ड डेप्थ्सही. त्यात खुणा होत्याच, त्या उभ्या होत्या, आणि मी आडव्या शोधत होते. नुहोक बेडूकलोकांची भुयारं कळली की सगळा गुंता सुटतो. आता गिल्ड वॉर्समधला तो माझा सगळ्यात लाडका झोन आहे.

म्हणून मत देताना "मला सापडलं नाही" आणि "हे वाईट आहे" यांची सरमिसळ करू नका. पहिल्या आठवड्यात फक्त पहिलं वाक्य बोलायचा हक्क आहे. दुसऱ्यासाठी तीन आठवडे थांबा.

उडण्याबद्दल आमच्या गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या गटात, कायम भांडण असतं. माझं म्हणणं जुनं आहे. २००७ मध्ये वॉरक्राफ्टच्या बर्निंग क्रुसेड या विस्ताराने ७० व्या लेव्हलला उडतं वाहन दिलं, आणि त्या दिवशी त्यातल्या औटलँड प्रदेशाच्या दऱ्यांची उंची संपली. दरी ओलांडायची नसेल तर ती दरी कसली? २०१४ मध्ये ड्रेनॉरचा विस्तार आला तेव्हा उडणं नव्हतं, पुढच्या वर्षी दिलं, पण आधी सगळे प्रदेश पायाखाली घालायची अट घातली. लोक चिडले. मला ती अट आवडली होती. २०२२ च्या ड्रॅगनफ्लाइट या विस्तारात मात्र त्यांनी मला गप्प केलं. तिथल्या ड्रॅगनला वेग हवा असेल तर वरून खाली सूर मारावा लागतो, म्हणजे कडा कुठे आहे आणि पठार कुठे संपतं हे माहीत असावं लागतं. म्हणजे उडतानाही कंटूर वाचावेच लागतात. अशा झोनमध्ये पायी तास झाला की दुसरा तास हवेतून करा, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा.

भाच्याच्या खेळात पायी फिरायला गेलात तर कुणीतरी डोक्यात गोळी घालेल. तिथे दुसरी युक्ती आहे: माणशी जमीन काढा. त्यातला एरँगल हा मॅप आठ बाय आठ किलोमीटर, म्हणजे ६४ चौरस किलोमीटर, खेळाडू १००. प्रत्येकाच्या वाट्याला ६४ हेक्टर. सॅनहॉक चार बाय चार, माणशी १६ हेक्टर. लिविक दोन बाय दोन आणि खेळाडू ५२, माणशी पावणेआठ हेक्टरच्या आत. समुद्र वजा केलेला नाही, तो केला तर आणखी कमी. भाच्याला एकरात सांगितलं तेव्हा त्याची ट्यूब पेटली: एरँगलला सुमारे १५८ एकर, सॅनहॉकला ४०, लिविकला १९. म्हणूनच एरँगलवर अर्धा वेळ कुणी भेटत नाही आणि त्यातल्या पोचिन्की गावात उतरलं की लगेच भेटतं, कारण सगळे तिथेच उतरतात. मग एखादा नवा मॅप "बोअर" वाटला तर आधी हा भागाकार करून बघा. दोष जमिनीचा असतोच असं नाही, गर्दी कुठे गोळा होते त्याचाही असतो.

आता जुने झोन. नव्याबद्दल मत बनवण्याआधी त्याच रात्री एका जुन्या झोनमध्ये जाऊन या. गिल्ड वॉर्स २ जुन्या झोनपुरती तुमची लेव्हल उतरवतं, त्यामुळे जुन्या दलदलीतला राक्षसही चावतो. एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन या खेळाने ऑक्टोबर २०१६ पासून साधारण तशीच सोय केली, कुठलाही प्रदेश कधीही. जुन्या वॉरक्राफ्टमध्ये तसं नव्हतं, ६० लेव्हलचा माणूस एल्विनच्या जंगलात लांडग्याला एका फटक्यात आडवा करायचा आणि मग झोनमध्ये बघण्यासारखं उरायचं ते फक्त झाडं.

जुन्या झोनमध्ये मुख्य तळावर पंधरा मिनिटं उभं राहा आणि येणारीजाणारी माणसं मोजा. चौकात वाहनं मोजतात तशा उभ्या रेघा, पाचवी आडवी. ऑरिक बेसिन या २०१५ च्याच झोनमध्ये दर दोन तासांनी टारिर या सोनेरी शहराच्या चार दारांशी लोक जमतात. चारही बाजूंच्या वेली एकाच सुमारास माराव्या लागतात, एक बाजू ढिली पडली की सगळं फुकट. त्यामुळे जाणते लोक आपणहून रिकाम्या दाराकडे पळतात. मी आजही तिथे जाते ते बक्षिसासाठी कमी, आणि कुणीतरी ओरडतं, "उत्तरेला माणसं कमी आहेत!" ते ऐकायला जास्त.

याउलट गिल्ड वॉर्स २ चाच २०१७ चा पाथ ऑफ फायर हा विस्तार. वाळवंट दिसायला देखणं, आणि तिथली वाहनं तर जमीन समजून बनवलेली: एक कड्यावर उडी मारतं, एक पाण्यावरून तरंगत जातं, एक वाळूतल्या दारांतून जातं. एलॉन रिव्हरलँड्समध्ये मी नदीकाठाने तासभर चालले, एकही माणूस भेटला नाही. सुरुवातीला तिथे सगळ्यांनी जमून करायचं असं मोठं फार कमी होतं. इतका चांगला रस्ता आणि एसटी नाही, असं काहीसं. चालायचं असेल तर अजूनही माझी पहिली शिफारस तीच, पण एकटं चालायची तयारी ठेवा.

बदललेल्या झोनचं काय करायचं, हे मी दादाकडून शिकले. २००९ मध्ये तो महिन्याला पंधरा डॉलर भरून वॉरक्राफ्ट खेळायचा, आणि तो झोपला की मी. माझी जागा म्हणजे थाउजंड नीडल्स. शेजारच्या बॅरन्स प्रदेशाच्या टोकाला कड्यावर एक मोठा पाळणा होता, त्यातून खाली उतरायचं, सुळक्यांमधून चालायचं, आणि पलीकडे पांढऱ्या मिठाचं मैदान, तिथे रॉकेटच्या गाड्यांच्या शर्यती. २०१० च्या अखेरीस कॅटॅक्लिझम हा विस्तार आला आणि ते सगळं पाण्याखाली गेलं. सुळक्यांची डोकी तेवढी वर. शर्यतीच्या जागी तरंगता तराफा. मला राग आला होता. दादा म्हणाला, "अगं, पळसदेव बघितलंस ना?" उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, आम्ही लहानपणी सोलापूरला जाताना बाबा गाडी थांबवून दाखवायचे. तसं बघायला लागल्यावर पाण्याखाली बुडी मारून मी शर्यतीचा जुना मार्ग शोधला. सापडला. ऑगस्ट २०१९ मध्ये क्लासिक, म्हणजे वॉरक्राफ्टची जुनी आवृत्ती, आली तेव्हा कोरडं मैदान पुन्हा बघायला मिळालं, आणि खरं सांगायचं तर आठवणीत होतं त्याहून ते बरंच रिकामं होतं.

तर बदललेल्या झोनमध्ये आधी जुना कागद घेऊन जा आणि काय काय हललंय त्यावर लाल पेनाने खूण करा. कागद नसेल तर आजच्या झोनचे आजच काढून ठेवा. कोपऱ्यात तारीख आणि पॅचचा, म्हणजे अपडेटचा, नंबर टाका. उत्तरेचा बाणही काढा. भाच्याने काढलेल्या सॅनहॉकच्या नकाशावर तो नव्हता, आणि परवा आम्ही दोघं पंधरा मिनिटं तो कागद नुसता गोल गोल फिरवत बसलो होतो.