अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या घरच्यांना आधार कसा द्यावा

बाळ ‘काचेच्या पेटीत’ आहे असे कळताच नातेवाइकांचा पहिला प्रश्न ‘वजन किती?’ हा असतो, आणि नेमका तोच विचारू नये. ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेल्या बाळाचे वजन सुरुवातीच्या दिवसांत बहुधा आणखी उतरते. तो आकडा दर फोनवर सांगताना आईला आपलीच परीक्षा चालल्यासारखे वाटते. म्हणून प्रथम फोन घेण्याचे काम मावशी किंवा काका अशा एकाच व्यक्तीकडे सोपवावे आणि संध्याकाळी एकदाच सर्वांना निरोप द्यावा. ‘सातव्याचे जगते, आठव्याचे जगत नाही’ ही समजूत तर घरात उच्चारूही नये. पोटात काढलेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो.

त्यानंतर कामे वाटून घ्यावीत. ‘काही लागले तर सांगा’ या वाक्याचा उपयोग शून्य, कारण सांगण्याचे त्राणही कोणात उरलेले नसते. ओली बाळंतीण डोंबिवलीहून परळला रोज ये-जा करत असेल, तर गर्दीची वेळ टाळून तिच्यासोबत कोणीतरी जावे. तिला दर दोन-तीन तासांनी दूध काढावे लागते; पंपाचे भाग धुऊन उकळणे, दुधाच्या डब्या बर्फाच्या पिशवीत भरणे ही कामे शेजारीणही करू शकते. दूध पुरत नसल्यास इतर मातांनी दान केलेले दूध पुरवणाऱ्या दुग्धपेढीबद्दल डॉक्टरांना विचारावे. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अशी पेढी १९८९ पासून आहे.

वडिलांना केवळ बिले आणि औषधांच्या चिठ्ठ्यांपुरते ठेवू नये. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर शर्टाची बटणे सोडून बाळाला उघड्या छातीशी धरण्याची कांगारू पद्धत त्यांनाही जमते, आणि बहुतेकदा बाळ आपले झाल्याची खात्री त्यांना तिथेच पटते.

बाळ घरी आल्यावर बाराव्या दिवसाचे हुकलेले बारसे लगेच उरकण्याचा आग्रह नको. भेटायला जाणाऱ्यांनी हात धुवावेत, सर्दी असल्यास जाऊच नये. दोन महिने आधी जन्मलेले बाळ सहा महिन्यांचे झाले, तरी वाढीच्या हिशेबाने ते चारच महिन्यांचे असते. चाळीतल्या इतर मुलांशी त्याची तुलना करू नये.

बाळ झोपलेले असतानाही आईला झोप लागत नसेल, दोन आठवडे उलटूनही रडू थांबत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावे. बाबांची झोप उडाली असेल, तर त्यांनीही हाच क्रमांक लावावा.