धुळ्याला निघायच्या आधी: गाडी गरम होत असेल तर पाणी कुठं अडलंय ते शोधायची तयारी

इंदूरहून धुळे-नाशिककडे गाडी काढणाऱ्यांची एक फसगत ठरलेली, ती म्हणजे जाताना गाडी काही बोलतच नाही. मानपूरच्या पुढे घाट उतारच आहे, इंदूर साडेपाचशे मीटरवर आणि खलघाटला नर्मदेपाशी आपण दीडशेच्या आसपास, इंजिनाला काम काय, तापमानाचा काटा मधोमध आणि आपण खूश. परत येताना तेच सगळं चढायचं, मे महिन्यात, भर दुपारी, एसी लावून, डिकीत आंब्याच्या पेट्या, मागे मावशी आणि तिचं सामान. गेल्या वर्षी लग्नाहून येताना माझा काटा गणपती घाटातच लालमध्ये गेला. नंतर महिनाभर मी काय काय बदललं ते विचारू नका, कूलंट (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं द्रव) झालं, फॅनची मोटर झाली, एकाने थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारी झडप) काढून खिशात घातला, एकाने सांगितलं "भिया, हेड गॅस्केट उड़ गया", म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधलं सील फाटलं म्हणे, आणि शेवटी निघालं काय तर रेडिएटरचा खालचा पाइप. म्हणून ही यादी, यंदा लग्नसराईत निघणाऱ्यांसाठी. पार्ट आणायच्या आधी पाणी फिरतंय का आणि फिरत नसेल तर कुठं अडतंय, एवढंच शोधायचं.

आदल्या रात्री जमवून ठेवायचं सामान फार नाही. चांगली टॉर्च, जुनं धोतर किंवा जाडसर फडकं, हातमोजे, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, नरसाळं, पाच लिटर डिस्टिल्ड वॉटर (बोअरचं नको, क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात आणि मग तिथून पाणी सरकत नाही), आणि गाडीत आधीपासून आहे त्याच जातीचं कूलंट. हिरवं-लाल मिसळायचं नाही, आणि नुसत्या रंगावर पण जाऊ नका कारण रंग कंपनीच्या मर्जीचा असतो, मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते बघा. चुकीची मिसळण कधीकधी आत गाळ धरते. लांबून तापमान मोजायचं इन्फ्रारेड थर्मामीटर कुणाकडे असेल तर मागून आणा, आणि ओबीडीत (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे वाचायचं सॉकेट) लावायचं ब्लूटूथचं छोटं यंत्र मिळालं तर सोन्याहून पिवळं, कारण बऱ्याच गाड्यांचा काटा मुद्दामच आळशी ठेवलेला असतो, आतलं पाणी दहा-पंधरा डिग्री वर-खाली झालं तरी तो मधोमध बसून राहतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. गाडीखाली रात्री एक पुठ्ठा सरकवून ठेवा, सकाळी त्यावर डाग कुठं पडलाय ते दिसतं.

एक गोष्ट लिहूनच ठेवा, गाडी गरम कधी होते. सिग्नलला, राजवाड्याच्या गर्दीत, उभ्या उभ्या गरम होते आणि बायपासला लागलं की थंड होते, तर आधी फॅन बघायचा. एसी लावला की फॅन फिरायलाच पाहिजे, नाही फिरला तर फ्यूज आणि रिले (फॅनला वीज देणारा स्विच) बघा. पण उलट असेल, म्हणजे गावात ठीक आणि चढावर किंवा शंभरच्या स्पीडला गरम, तर समोरून वारा भरपूर लागतोय म्हणजे फॅनचा प्रश्न नाही, पाणीच पुरेसं फिरत नाहीये किंवा रेडिएटर चोंदलाय. मेकॅनिककडे पोचल्यावर हे पहिलं वाक्य म्हणून सांगा, त्याचा अर्धा तास आणि तुमचे पैसे वाचतात.

सकाळी पोहे आणायला जायच्या आधी, इंजिन पूर्ण थंड असताना, रेडिएटरचं झाकण उघडायचं. गरम असताना अजिबात नाही, फडकं धरून पण नाही. आत दाब असतो म्हणूनच पाणी शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही, झाकण सुटलं की ते एकदम उकळून अंगावर येतं. त्या झाकणाकडे पण नीट बघा, रबर कडक झालंय का, स्प्रिंग दाबली जाते का. साधारण एक बारचा दाब धरून ठेवायचं काम ते करतं आणि इंजिन थंड होताना रिझर्व्ह बाटलीतलं पाणी परत ओढून घेतं. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा दिसला तर झाकणावर पहिला संशय घ्या (बाटलीतला पाइप चिरलेला असला तरी असंच होतं). लेव्हल कमी असेल तर भरा, पण कमी झालं का ते शोधल्याशिवाय सोडू नका. पुठ्ठ्यावरचा डाग, वॉटर पंपाच्या खालचं बारीक भोक (पंपाचं सील गेलं की तिथून ठिबकतं), पाइपांची जोडणी, गाडीच्या आत पुढच्या पायपुसण्याखाली ओल, सगळं टॉर्चने बघा.

आता झाकण उघडंच ठेवून इंजिन चालू करा आणि बघत बसा. सुरुवातीला थोडे बुडबुडे आले तर हवा निघतेय, चांगलंय. कूलंट नुकतं बदललं असेल तर हवा धरलेली असणारच, काही गाड्यांत त्यासाठी ब्लीडचा स्क्रू असतो, तो सैल करून हवा काढावी लागते. याची एक साधी खूण म्हणजे हीटर. मे महिन्यात इंदूरमध्ये हीटर लावणारा माणूस वेडा दिसतो हे मान्य, पण इंजिन गरम आणि हीटर मात्र थंड हवा फेकतोय तर समजा की तिथपर्यंत पाणी पोचत नाहीये, एकतर कमी आहे नाहीतर हवा अडकलीय. बुडबुडे थांबतच नसतील, ॲक्सिलरेटर दिला की वाढत असतील, ऑइलची काडी काढून चहासारखा रंग दिसला किंवा सायलेन्सरमधून पांढरा गोडसर धूर येत राहिला तर मग खरंच हेड गॅस्केट, आणि पुढची तपासणी घरी करू नका.

तसं काही नसेल तर झाकण लावा आणि दोन्ही पाइपांकडे वळा. वरचा पाइप इंजिनाकडून गरम पाणी रेडिएटरकडे आणतो, खालचा थंड झालेलं परत नेतो (थोड्या गाड्यांत उलटं असतं). इंजिन तापत गेलं की वरचा गरम, आणि थर्मोस्टॅट उघडला की थोड्या वेळाने खालचा पण कोमट-गरम व्हायला हवा. काटा वर चढलाय, वरचा चटका देतोय आणि खालचा गार, तर थर्मोस्टॅट उघडत नाहीये किंवा रेडिएटर आतून बंद. दोन्ही गार आणि इंजिन मात्र तापलेलं, तर थर्मोस्टॅट बंदच राहिलाय, पंपाचा पंखा झिजलाय किंवा पाणीच नाही. हात लावताना फॅनपासून लांब राहा, तो न सांगता सुरू होतो.

आणि मला जे महिनाभर कुणी सांगितलं नाही ते असं की खालच्या पाइपाकडे इंजिन रेझ करून बघा. कुणाला तरी आत बसवा, अडीच-तीन हजार आरपीएमवर धरायला सांगा. पंप त्या पाइपातून पाणी ओढत असतो, पाइप आतून मऊ पडला असेल किंवा आतली स्प्रिंग गंजून गेली असेल तर तो असा चपटा होतो, रसवंतीवरच्या प्लॅस्टिकच्या नळीसारखा, आणि पाणी बंद. आयडलिंगला तोच पाइप ठणठणीत दिसतो. माझी गाडी गॅरेजमध्ये उभी राहून कधीच गरम झाली नाही, त्याचं कारण हे.

थर्मोस्टॅटवर संशय असेल तर काढून तपासता येतो, बाहेर टाकायची गरज नाही. जुन्या पातेल्यात पाणी (दुधाचं पातेलं घेतलंत तर जबाबदारी तुमची), त्यात दोऱ्याने लटकवलेला थर्मोस्टॅट, शेजारी थर्मामीटर, खाली मंद गॅस. त्यावर बहुतेक वेळा 82 किंवा 88 असा डिग्री सेल्सिअसचा आकडा कोरलेला असतो. आत मेण असतं, ते वितळून फुगलं की झडप ढकलली जाते. त्या आकड्याच्या आसपास उघडायला लागला आणि आणखी दहा-बारा डिग्रीत पूर्ण उघडला तर पास. "आपल्याकडच्या गर्मीत याची गरजच नाही" असं म्हणून काढून देणारे खूप भेटतील. काही इंजिनांत तोच थर्मोस्टॅट बायपासची वाट बंद करतो, तो काढला की पाणी रेडिएटरकडे न जाता आतल्या आतच फिरतं आणि गाडी आणखी तापते. बाकीच्यांत इंजिन थंडच राहतं आणि पेट्रोल जास्त खातं.

रेडिएटर राहिला. बाहेरून माती, किडे, फुलोरा एसीच्या कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी) आणि रेडिएटरच्या मधे अडकतं, समोरून दिसत नाही, पाण्याने हलक्या हाताने आतून बाहेर धुवा, प्रेशर वॉशरने पत्रे वाकतात. आतून बंद आहे का ते इन्फ्रारेडने कळतं, पाणी शिरतं त्या बाजूकडून निघतं त्या बाजूकडे आकडा हळूहळू उतरायला हवा, मधेच एक पट्टा गार लागला तर तिथल्या नळ्या चोंदल्यात. चकाकत्या ॲल्युमिनियमवर हे यंत्र खोटं बोलतं, काळी टेप चिकटवून त्यावर मोजा.

काढलेलं कूलंट नालीत ओतू नका, बाहेर उघडं पण ठेवू नका, गोडसर असतं म्हणून गल्लीतली कुत्री चाटतात आणि मरतात. बाटलीत भरून गॅरेजवाल्याला द्या.

हे सगळं निघायच्या निदान आठ दिवस आधी करा. आणि मग धुळ्याच्या रस्त्यावर नाही, खंडवा रोडला ट्रायल घ्या, तिथे पण घाट आहेच. सिमरोलवरून चोरलला उतरा, चहा प्या, आणि एसी लावून, माणसं भरून परत वर या.