एफएफएमपेगच्या बायनरीतील ‘नॉनफ्री’चा अडथळा : माझा अनुभव
आमच्या साधनासोबत द्यायच्या एफएफएमपेग या व्हिडिओ-ऑडिओ रूपांतराच्या प्रोग्रॅमच्या बायनरीला (बांधून तयार, थेट चालणाऱ्या फाइलला) ‘-एल’ हा पर्याय देऊन परवाना विचारला की, तिच्यात नॉनफ्री भाग असल्याने ती कायद्याने पुढे वाटता येणार नाही, असा संदेश येई. परवान्यांच्या फायली जोडूनही तो हटेना, तेव्हा वैताग आला. अडचण एफडीके-एएसी या आवाज एन्कोड करणाऱ्या लायब्ररीची होती. एक्स२६४ या व्हिडिओ एन्कोडरमुळे लागू होणाऱ्या जीपीएलशी (सोर्सही देणे बंधनकारक करणाऱ्या मुक्त परवान्याशी) तिचा परवाना जुळत नाही.

प्रथम जुनी बांधणी पुसायला ‘मेक डिस्टक्लीन’ केले, मग बांधणीचे पर्याय ठरवणाऱ्या कॉन्फिगरच्या ओळीतून एनेबल-नॉनफ्री आणि एनेबल-लिबएफडीके-एएसी हे पर्याय काढून, एनेबल-जीपीएल मात्र ठेवून, पुन्हा बांधणी केली (आवाजासाठी अंगभूत एएसी एन्कोडर आम्हाला पुरला). आता परवाना जीपीएल, आवृत्ती 2 किंवा पुढील, असा दिसला. शेवटी बायनरीशेजारीच एफएफएमपेग आणि एक्स२६४ या दोन्ही प्रकल्पांचा नेमक्या त्याच आवृत्तीचा सोर्स, आमचे बदल, कॉन्फिगरची पूर्ण ओळ आणि परवान्याचा मजकूर ठेवला. मूळ प्रकल्पाचा नुसता दुवा मी पुरेसा मानत नाही.