तिसरीच्या वर्गात इंग्रजीचा वाचनपाठ कसा घ्यावा

मुलगी उभी राहते आणि बोट ठेवून सात वाक्यं खाडखाड वाचते. वर्ग टाळ्या वाजवतो. मी विचारते, "गोट म्हणजे काय गं?" ती गप्प. तिला अक्षरं वाचता आली होती, पण गोष्ट तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती. शिकवायला लागल्यावर पहिली काही वर्षं अशा वाचनाला मी 'छान' म्हणत आले. आता म्हणत नाही.

महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. तरी खेड्यातल्या बहुतेक मुलांच्या कानावर घरी, रानात किंवा बाजारात सलग इंग्रजी पडत नाही. फिलिप गफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी १९८६ साली वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं: अक्षरं उलगडण्याची क्षमता गुणिले भाषेची समज. इथे बेरीज नाही, गुणाकार आहे. एक बाजू शून्य असली की उत्तरही शून्य. आपल्या वर्गात समजेची बाजू शून्याच्या जवळ असते आणि आपण मात्र अक्षरांचीच बाजू घोटत बसतो. म्हणून या पाठात आधी कान, मग तोंड आणि त्यानंतर डोळे असा क्रम ठेवला आहे. पाठाला दोन तासिका लागतात. एकीत उरकायची घाई करू नका.

पायरी १: उतारा छोटा घ्या, पण त्यात काहीतरी घडू द्या

पाठ्यपुस्तकातला उतारा लांब असेल तर त्यातला तुकडा घ्या किंवा स्वतः लिहा. मी हा वापरते:

"इट इज रेनिंग. मीना हॅज अ रेड अम्ब्रेला. शी सीज अ गोट. द गोट इज वेट. मीना रन्स टु द गोट. नाऊ द गोट इज ड्राय. मीना इज वेट."

सात वाक्यं, २९ शब्द. नवे शब्द पाच-सहाच, आणि त्यातले गोट नि वेट पुन्हा पुन्हा येतात. शेवटचं वाक्य मुलांना विचारात पाडतं, म्हणून हा उतारा मला आवडतो.

इथे मी इंग्रजी देवनागरीत लिहिलं आहे, पण फळ्यावर आणि वहीत ते रोमन लिपीतच हवं. मुलं इंग्रजी शब्दांवर देवनागरी उच्चार लिहून घेतात आणि पुढे तेवढंच वाचतात. देवनागरीत ओलं, वाट पाहणं आणि वजन या तिन्ही अर्थांचे इंग्रजी शब्द 'वेट' असेच लिहिले जातात. इंग्रजीत त्यांची स्पेलिंगं तीन वेगळी आहेत, आणि ती ओळखायलाच तर आपण शिकवतो आहोत.

पायरी २: पुस्तक मिटून मराठीत बोला

पाच मिनिटं पुरे. फळ्यावर पाऊस, छत्री घेतलेली मुलगी आणि शेळी काढा. चित्र वेडंवाकडं आलं तरी मुलं ओळखतात. मग विचारा: पावसात शेळ्या कुठे बांधता? शेळी भिजली तर काय होतं? ज्यांच्या घरी शेळ्या आहेत त्यांना थांबवावं लागेल इतकं ती बोलतात, आणि त्यात इंग्रजीत एरवी मागे राहणारी मुलंही असतात.

इंग्रजीच्या तासाला मराठी बोललं तर वेळ वाया जातो, असं अनेकांना वाटतं. मला ते पटत नाही. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ साली मांडलं की एका भाषेत कमावलेली समज दुसऱ्या भाषेच्या कामी येते. भिजलेल्या शेळीची काळजी मुलाला आधीच कळते, इंग्रजीत त्याला फक्त तिचे शब्द हवे असतात. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया, तांड्यावर गोरमाटी बोलणाऱ्या मुलांसाठी मराठीही शाळेतच भेटलेली भाषा असते. त्यांना विचारा, "तुमच्याकडे शेळीला काय म्हणतात?" तो शब्द फळ्यावर चित्राच्या शेजारी लिहा. त्या मुलाचा चेहरा बघा.

पायरी ३: शब्द हातात द्या

अर्थ सांगून पाठ करून घेऊ नका. छत्री वर्गात आणा. दोन रुमाल घ्या, एक पाण्यात बुडवा, एक कोरडा ठेवा. रुमाल मुलांच्या हातात देत "वेट", "ड्राय" म्हणत जा. दोन-तीन फेऱ्यांनी मुलंच म्हणू लागतात. 'रन्स' म्हटलं की जागच्या जागी धावायचं.

'हॅज'वर जरा थांबा. मराठीत मीना'कडे' छत्री असते, इंग्रजीत मीना स्वतःच वाक्याची धनीण होते. छत्री एकेकाच्या हातात देत "सुनील हॅज ॲन अम्ब्रेला", "रेश्मा हॅज ॲन अम्ब्रेला" असं म्हणत वर्गभर फिरवा. व्याकरणाचं नाव घ्यायची गरज पडत नाही.

'अ' आणि 'द'ची भीतीही आपल्याच गोष्टींनी घालवता येते. "एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या." पहिल्यांदा भेटतो तेव्हा 'एक', ओळख झाली की 'तो'. उताऱ्यातली शेळीही आधी 'अ गोट' आहे, मग 'द गोट'.

पायरी ४: वाचून दाखवा

पहिल्यांदा न थांबता, हावभावांसह, मुलांकडे बघत वाचा. दुसऱ्यांदा फळ्यावरच्या शब्दाशब्दाखाली पट्टी फिरवत वाचा. वाक्यागणिक भाषांतर करू नका. ते सुरू झालं की मुलं इंग्रजी ऐकणं सोडून मराठीची वाट बघत बसतात.

पायरी ५: आता मुलं वाचतील

आधी तुमच्या मागोमाग, मग सगळी एकत्र, मग जोडीजोडीने. जोडीत एक वाचतो आणि दुसरा शब्दाखाली बोट ठेवतो, नंतर अदलाबदल. एकट्याला सगळ्यांसमोर उभं करून वाचायला लावणं या टप्प्यावर मी बंद केलं आहे. न बोलणारं मूल ऐकत असतं. त्याला काही दिवस नुसतं बोट ठेवू द्या.

पायरी ६: एकच आवाज पकडा

मराठीत अक्षर दिसलं की आवाज बहुतेक ठरलेला. इंग्रजीत २६ अक्षरांवर चाळिसेक आवाजांचा भार आहे, म्हणून एका पाठात एकच नमुना घ्या. इथे 'वेट' घ्या आणि त्याचं पहिलं अक्षर पुसून बदलत जा: नेट, पेट, गेट, सेट, लेट. मुलांना हा खेळ वाटतो, आणि एका शब्दावरून ती सहा शब्द वाचतात.

'वेट' म्हणताना आपला खालचा ओठ दातांकडे जातो, कारण मराठी 'व' तसाच आहे. ओठांचा चंबू करून आधी 'उ' म्हणायला सांगा आणि तिथून पटकन 'एट'वर या. जमलं तर उत्तम, नाही जमलं तरी अडून बसू नका. उच्चारापायी मूल गप्प झालं तर नुकसान मोठं.

पायरी ७: प्रश्नांचा जिना

सुरुवात बोटाने उत्तर देता येईल अशा प्रश्नाने करा: "शो मी द गोट." मग हो-नाही: "इज मीना वेट?" मग दोहोंतलं एक: "इज द गोट वेट ऑर ड्राय नाऊ?" मग एका शब्दाचं उत्तर: "हू हॅज अ रेड अम्ब्रेला?" कोणत्या मुलाला कोणत्या पायरीवरचा प्रश्न विचारायचा हे आधीच ठरवून ठेवा.

मग शेवटचा प्रश्न. मीना का भिजली? उताऱ्यात हे कुठेच लिहिलेलं नाही. मराठीत उत्तर आलं तरी घ्या. "तिनं छत्री शेळीवर धरली, म्हणून!" असं कुणीतरी ओरडतं, त्या क्षणी वर्ग खरोखर वाचतो आहे. तुम्ही लगेच म्हणा, "येस! द अम्ब्रेला इज ओव्हर द गोट." मुलाचं म्हणणं त्याला इंग्रजीत परत मिळतं.

मूल "मीना गोट सीज" म्हणालं तर ती चूक मराठी वळणाची आहे, कारण आपलं क्रियापद शेवटी बसतं. तिघांना मीना, गोट आणि सीज अशा पाट्या धरून उभं करा. मराठीसाठी सीज शेवटी उभा, इंग्रजी म्हटलं की तो चालत मधे येतो. चार वेळा चालवा.

पायरी ८: थोडंसं लिहिणं

फळ्यावर चौकट द्या: "द ___ इज वेट." मूल आपल्या मनातली वस्तू भरेल आणि तिचं चित्र काढेल. वस्तूचं इंग्रजी नाव माहीत नसेल तर ते विचारेल, आणि तो शब्द त्याचा होईल.

पायरी ९: चार मुलांजवळ बसा

बाकीची चित्रं काढत असताना रोज चार मुलांना जवळ घ्या, प्रत्येकी एक-दोन मिनिटं. दोन वाक्यं वाचून घ्या आणि त्यात काय झालं ते मराठीत सांगायला सांगा. वहीत दोनच रकाने ठेवा: वाचलं, समजलं. पहिल्यात खूण आणि दुसरा रिकामा असेल, तर त्या मुलासाठी उद्या पुन्हा छत्री आणि रुमाल काढा. दुसऱ्यात खूण असून पहिला रिकामा असेल, तर त्याला वेट-नेट-पेटचा खेळ आणखी हवा आहे. दोन्ही रिकामे असतील तर त्याला तुमच्याजवळ बसवून पायरी दोनपासून पुन्हा सुरू करा, या वेळी त्याच्याच घरातल्या एखाद्या जनावराची गोष्ट घेऊन.